चांगली जोड कुणाला म्हणायचं?

आमच्या पेठेतल्या तालमीत वस्ताद फार बोलायचे नाहीत. हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, काठावर पाय सोडून बसायचे, हातात एक वेताची काठी. काही चुकलं की ती काठी दोनदा वाजायची आणि सगळा हौदा थांबायचा. मी चौदा वर्षांचा असताना एकदा ती माझ्यासाठी वाजली. माझ्याहून दहा-बारा किलोनं हलक्या पोराला मी टांग मारून खाली घेतलं होतं आणि पडताना माझं सगळं वजन त्याच्या खांद्यावर सोडलं होतं. ते उठेना. मी मात्र शड्डू ठोकायच्या बेतात उभा. वस्ताद म्हणाले, "आरं, पाड म्हणलं हुतं त्याला, मोड न्हवतं म्हणलं. उद्या कुणासंगं लढणार हाईस?"

शेवटचा प्रश्न मला तेव्हा टोमणा वाटला. महिनाभरात कळलं की तो साधा हिशेब होता. त्या पोराचा हात गळ्यात होता, आणि माझ्या वजनाची जी दोन-तीन पोरं उरली होती ती माझं नाव निघालं की लंगोट आवळायच्या निमित्तानं कोपऱ्यात सरकायची. त्या महिन्यात मी जोर मारले, बैठका मारल्या, हौदा उकरला, दोर चढलो. कुस्ती तेवढी शिकलो नाही, कारण तिला समोर माणूस लागतो.

आता कोल्हापुरात तालमींच्या बरोबरीनं ज्युदो, कराटे, तायक्वांदोचे वर्ग निघालेत. मुलाला घालताना आईबाप विचारतात, शिकवणारा कोण, फी किती, मॅट आहे का. पोरगं रोज कुणाच्या अंगाला अंग भिडवणार आणि ते स्वतः समोरच्यासाठी कसं असणार, हे कुणी विचारत नाही. शिकवणारा दिवसाकाठी तुमच्याकडे पाच मिनिटं बघतो. उरलेला तासभर तुम्हाला शिकवते ती जोड.

'जोड' हा शब्दच मजेशीर आहे. मैदानात जोड म्हणजे प्रतिस्पर्धी. तुल्यबळ जोड लावली, असं म्हणतात. तालमीत जोड म्हणजे रोजचा सोबती. शाहू महाराजांनी १९१२ साली उभ्या केलेल्या खासबाग मैदानात, गोल उतारावर बसलेल्या हजारो लोकांसमोर, समोरच्याची पाठ मातीला लावणं एवढंच काम असतं. पहाटेच्या तालमीत त्याच समोरच्याला इतकं तयार करायचं असतं की एक दिवस तो तुमचीच पाठ लावेल. गोंधळ होतो तो इथंच. नवं पोरगं तालमीत खासबाग खेळतं.

मग चांगली जोड म्हणजे पडून देणारी का? तसंही नाही. जोडीनं विरोध किती करायचा हे कामावर ठरतं. आमचे वस्ताद त्यासाठी जुनं नाणं वापरायचे. "चार आणे", "आठ आणे", "बारा आणे" असं काठावरून ओरडायचे. सोळा आणे म्हणजे पुरी लढत. चौदाव्या वर्षी मी कुठल्याही हाकेला सोळा आणेच खेळायचो, ती गोष्ट वेगळी.

चार आण्यांत काय चालतं ते धोबीपछाडीवर बघू. धोबी दगडावर कपडा आपटतो तसं समोरच्याला खांद्यावरून पुढं घ्यायचं. ज्युदोत जवळपास याच डावाला सेओइ नागे म्हणतात. हा डाव ताकदीवर कमी आणि समोरच्याच्या झोकावर जास्त चालतो. तो पुढं रेटत असेल तर तुम्ही त्याच्या आत शिरून वळता, आणि त्याचा रेटाच त्याला तुमच्या पाठीवरून घेऊन जातो. म्हणजे हा डाव घोटायचा तर जोडीनं खरोखर पुढं रेटायला हवं. नेमकं तेच होत नाही. समोरच्याला माहीत असतं की आता धोबीपछाड येणार. तो आधीच मागं रेलतो, कंबर खाली टाकतो, आणि डाव बसला नाही की विजयी मुद्रेनं बघतो.

यात त्यानं काय मिळवलं? पेपर फुटल्यावर पहिला आला. डाव ठाऊक असताना कुणीही अडवतो. खऱ्या लढतीत तो असा मागं रेलला असता तर समोरच्यानं धोबीपछाड सोडून पाय अडकवून त्याला मागच्या मागंच पाडलं असतं. सरावात तो डाव ठरलेला नाही, म्हणून हा सुरक्षित. माझ्या मते जोडीच्या सगळ्या खोडींत ही सगळ्यात वाईट, कारण ती बाहेरून मेहनती दिसते. पोरगं घामाघूम होतं, घरचे कौतुक करतात, आणि दोघांपैकी एकालाही काही येत नाही.

याच्या उलट टोकाला पोतं झालेली जोड. हात लावायचा अवकाश, हा पडलाच. पोत्याला रेटा नसतो, पायावर वजन नसतं, तोल नसतो, त्यामुळं पाडणाऱ्याला आपण तोल मोडला की नुसतं उचललं हे कळत नाही. चार आणे म्हणजे शून्य नव्हे. उभं राहायचं ते खऱ्यासारखं, धरायचं ते खऱ्यासारखं, डावाला लागतो तो झोक द्यायचा, आणि डाव नीट बसला तरच पडायचं. अर्धवट बसला तर पडायचं नाही. उभं राहून नुसतं सांगायचं, "तुझी कंबर लागलीच न्हाई." ते वाक्य काठावरच्या काठीइतकंच कामाचं असतं.

आठ आण्यांत जोड हलायला लागते, पाय मागं घेते, हात सोडवते, पण उलट डाव टाकत नाही. बारा आण्यांत संधी मिळाली तर उलटही टाकते. हे टप्पे कशाला, पहिल्या दिवसापासून सोळा आणे का नको, असं नवी पोरं विचारतात. नवा डाव हा ओल्या मातीच्या मडक्यासारखा असतो. पहिल्याच दिवशी पुरा विरोध आला तर शिकणारा तो टाकून देतो आणि आपल्या जुन्या, हातखंडा, ताकदीच्या डावावर येतो. वर्षभर रोज जीव तोडून लढणारी आणि वर्षाखेरी तेच दोन डाव येणारी पोरं मी बरीच पाहिली आहेत. पण कायम चार आण्यांतच राहिलं तर मडकं भाजायचं राहून जातं. जोडीची हुशारी ही की आज समोरच्याला किती सोसेल ते ओळखायचं आणि त्याहून एखादा आणा जास्त द्यायचा.

कुणी म्हणेल, ही तर नुरा कुस्ती झाली. नुरा म्हणजे ठरवून खेळलेली, आणि कोल्हापुरात याहून मोठी शिवी नाही. पण नुरा बघणाऱ्याला फसवायला असते. सरावात बघणारा नसतो, बक्षीस नसतं, निकाल लागत नाही, आणि काय चाललंय ते दोघांना ठाऊक असतं.

हे सगळं एका माणसानं विचारपूर्वक मांडलं, त्याची गोष्ट इथं सांगायला हवी. जिगोरो कानो हा जपानी तरुण मुळात जुजुत्सू ही तिकडची जुनी झुंजविद्या शिकलेला, अंगानं लहान. जुन्या जुजुत्सूत जीवघेणे प्रकार भरपूर होते. अडचण अशी की जे जीवघेणं आहे ते जोडीवर पुऱ्या जोरानं करून बघता येत नाही. मग ते हवेत किंवा ठरलेल्या क्रमानं, हळूहळूच करावं लागतं. कानोनं १८८२ साली तोक्योतल्या एका देवळात, बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली आणि ज्युदो घडवताना धोकादायक डाव मोकळ्या सरावातून बाजूला काढून ठरलेल्या क्रमाच्या सरावात ठेवले. उरले ते पाडायचे, दाबून ठेवायचे आणि वेळेवर सोडता येतील असे डाव. हे डाव रोज, पुऱ्या जोरानं, जिवंत विरोध करणाऱ्या माणसावर करता येत होते. मोकळ्या लढतीच्या या सरावाला रांदोरी म्हणतात. वरवर पाहता कानोनं विद्या सौम्य केली. प्रत्यक्षात तिला धार आली, कारण जोड शाबूत राहिली तर सराव रोज होतो. 'जिता क्योएई' हे त्याचं सूत्र, म्हणजे आपलं आणि समोरच्याचं भलं एकत्रच. जपानीत ते उदात्त वाटतं. कोल्हापुरीत त्याचं भाषांतर माझ्या वस्तादांनी आधीच केलं होतं: उद्या कुणासंगं लढणार हाईस?

ज्युदोत नव्या माणसाला आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीकडे, म्हणजे डोक्याची मागची बाजू आपटत नाही. हात टेकवायचा नाही, तर पूर्ण हातानं मॅटवर चापट मारायची, म्हणजे आपटण्याचा मार पसरतो. पडताना हात टेकणं ही शरीराची जन्मजात सवय आहे. मनगट, कोपर आणि गळ्याजवळचं हाड तिच्यामुळंच जातं. पण पडणाऱ्याच्या जबाबदारीइतकीच पाडणाऱ्याचीही असते, आणि ती कमी सांगितली जाते. ज्युदोत फेकताना समोरच्याची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही. उलट अखेरच्या क्षणी ती थोडी वर ओढायची. त्यानं समोरचा कुशीवर वळून पडतो आणि डोकं उचललेलं राहतं. मी टांग मारली तेव्हा त्या पोराचा हात धरून ठेवला असता आणि माझं वजन पुढं मातीत सोडलं असतं, तर डाव तेवढाच सुंदर दिसला असता.

मातीच्या तालमीत या काळजीचा अर्धा भाग लढतीआधीच होतो. रोज पहाटे हौदा उकरतात तो कशासाठी? माती भुसभुशीत राहावी, पडणाऱ्याला झेलावी म्हणून. हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर मातीत घालतात, त्यात श्रद्धाही आहे आणि अनुभवही. पण कुदळ मारणारं पोरगं खरं तर जोडीची हाडं सांभाळत असतं. मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्या महिन्यात कमी कुरकुर केली असती.

आता थाप. मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल, शरण जायची सोय नाही. ज्युदो आणि जुजुत्सूत गळा आवळण्याचे आणि सांधा पिळण्याचे डाव आहेत, त्यामुळं तिथं थाप लागते. हरलो असं वाटलं की जोडीच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थोपटायचं, हात अडकले असतील तर तोंडानं ओरडायचं. तालमीतून तिकडं गेलेल्या पोरांना हे फार जड जातं. थाप मारली म्हणजे नाक कापलं, असं त्यांना वाटतं. मलाही वाटायचं.

गळ्याच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या जातात. त्या दोन्ही नीट दाबल्या गेल्या तर माणूस साधारण दहा सेकंदांत बेशुद्ध पडतो. त्याला श्वास कोंडल्यासारखं वाटतंच असं नाही, म्हणून तो वाट बघत बसतो. कोपराच्या डावात दुखणं आणि मोडणं यांच्यात अंतर आहे, पण झटका दिला तर ते अंतर पार व्हायला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ लागतो. टाच धरून गुडघा पिळण्याचा डाव तर कपटी आहे. त्यात दुखायला लागेपर्यंत लिगामेंट गेलेलं असू शकतं, म्हणून नवशिक्यांना तो करू देत नाहीत. यावरून दोघांची कामं आपोआप ठरतात. खाली असलेल्यानं लवकर थाप मारायची. वर असलेल्यानं डाव बसेपर्यंत हवी तेवढी चपळाई करायची, पण शेवटचा दाब हळूहळू, वाढवत नेत द्यायचा, आणि थाप लागल्या क्षणी सोडायचं. थाप लागली का नाही असा संशय आला तरी सोडायचं. समोरचा पूर्ण अडकला आहे आणि हट्टानं थाप मारत नाही असं दिसलं तर स्वतःहून सोडायचं. यात तुमचा डाव कुठं पळून जात नाही.

वजनातला फरक ही रोजची अडचण, कारण कुठल्याही वर्गात सगळी माणसं एका वजनाची नसतात. तालमीत यावर जुनी तोड आहे. मोठा पैलवान एकामागून एक चार-पाच लहान पोरं घेतो. प्रत्येक पोरगं ताजं, हा मात्र दमत जातो. पाचव्या पोरापर्यंत ताकद ओसरते आणि त्यालाही डावावरच खेळावं लागतं. शिवाय तो स्वतःवर बंधन घालून घेतो: आज फक्त खालून सुटायचं, आज पट काढायचा (पाय धरून पाडायचं) नाही, आज एकच हात. अशा पैलवानाच्या अंगाखाली आम्ही लहानपणी घुसमटलो, पण कधी मोडलो नाही. त्याचं वजन अंगावर यायचं ते दार लोटल्यासारखं, भिंत पडल्यासारखं नव्हे.

मुलींबरोबर सराव करणाऱ्या मुलग्यांचं मात्र काहीतरी बिनसतं. महिलांची कुस्ती २००४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आपल्याकडेही मुली मॅटवर घाम गाळतात. पण समोर मुलगी आली की मुलगा एकतर काचेचं भांडं धरल्यासारखा धरतो, नाहीतर पडायची वेळ आली की अचानक सोळा आण्यांवर जातो. पहिल्यात तिचा वेळ वाया जातो, दुसऱ्यात तिचा सांधा. विचारायचं, "किती देऊ?" ती सांगेल तेवढं द्यायचं.

हत्यारांच्या खेळात जोडीची कसोटी आणखी वेगळी. मर्दानी खेळात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या हत्यारांच्या खेळात, लाठीची भिडंत असते. एकानं वार करायचा, दुसऱ्यानं अडवायचा. भला वाटणारा जोडीदार इथं नकळत नुकसान करतो. लागू नये म्हणून तो वार दोन वीत अलीकडेच सोडतो, किंवा डोक्यावर न मारता समोरच्याच्या काठीवर काठी मारतो. आवाज छान येतो, बघणारे टाळ्या वाजवतात. अडवणारा मात्र जो वार लागणारच नव्हता तो अडवायला शिकतो. अंतराचा त्याचा अंदाज कायमचा बिघडतो. खरा वार खऱ्या जागी यायला हवा, अडवला नाही तर लागेल असा. सुरक्षितता वेगात शोधायची, अंतरात नाही. वार सावकाश करा, पण खोटा करू नका.

एका गोष्टीबद्दल मी थोडा कडवट आहे. सराव चालू असताना शिकवणारी जोड. पट्टा परवा मिळालेला, आणि समोरच्याला प्रत्येक डावाला भाषण. एक वाक्य सांगा आणि परत धरा. वस्ताद काठावर बसलेले आहेत.

नखं कापून यायचं, हे सांगायची लाज वाटते पण सांगायला लागतं. गजकर्ण अंगाला अंग लागून पसरतं, मातीतही आणि मॅटवरही. चट्टा उठला असेल तर बरं होईपर्यंत घरी बसायचं. हळदीची माती आहे म्हणून काही होत नाही, या समजुतीवर एकदा आमची अर्धी तालीम खाजवत होती. कानाचंही तसंच. घासून आणि दबून कानाची कातडी आणि आतली कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचतं, वेळेत काढलं नाही तर तिथंच घट्ट होतं आणि कान कायमचा चुरगाळतो. पैलवान ते भूषण म्हणून मिरवतात, मिरवू देत. पण जोडीचा कान कालच सुजला असेल तर आज तिथं डोकं घासू नये.

जोड तुम्हाला नुसते डाव देत नाही, सवयीही देते, हे खाशाबा जाधवांकडे पाहिलं की कळतं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले ते मातीत घडलेले मल्ल म्हणून. मॅट आणि तिथले नियम त्यांना नवे होते, तरी ते सहावे आले. पुढं मॅटच्या कुस्तीची तयारी करून १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. ज्या जमिनीवर, ज्या नियमांत, ज्या माणसांबरोबर तुम्ही रोज लढता तेच अंगात मुरतं. म्हणून एकाच जोडीला वर्षानुवर्षं चिकटून राहणं, कितीही गोडी असली तरी, बरं नव्हे. दोघांना एकमेकांचं सगळं पाठ होतं आणि तिसरा आला की दोघंही पडतात.

खांदा दुखावलेलं ते पोरगं महिन्यानं परत आलं. वस्तादांनी पहिल्याच दिवशी त्याची जोड माझ्याशी लावली आणि वर म्हणाले, "चार आणे. दोघंबी." मला त्या सकाळी चार आणे म्हणजे किती हे पहिल्यांदा अंगानं मोजावं लागलं. धरलं की त्याचा खांदा आक्रसायचा, मी सैल करायचो, तो हळूच पुढं रेटायचा. अर्ध्या तासात एकही पाठ लागली नाही आणि एवढा घाम कधी आला नव्हता.

परवा भाच्याला ज्युदोच्या वर्गाला सोडायला गेलो होतो. मॅटवर दोन पोरं समोरासमोर आली, वाकून नमस्कार केला, आणि धरायच्या आधी त्यातलं बारकं म्हणालं, "डावं कोपर दुखतंय. ते सोडून कुठंबी धर." भाच्यानं मान हलवली आणि उजवी बाही पकडली.